मेंगच्या नावापुढची चौकट

"विहीणबाई, माझ्या जावयाला कूळ आहे की नाही तेवढं सांगा. नसेल तर मी आणलेलं नाव परत घेऊन जातो."

चुपाओ मुआ फोनवर कधी नमस्काराने सुरुवात करत नसे. येरने हातातला झारा पातेल्यावर आडवा ठेवला आणि फोन कानापासून वीतभर लांब धरला. येरच्या मुलाला, मेंगला, आज सासऱ्याकडून थोरलं, मानाचं नाव मिळायचं होतं आणि गॅरेजमध्ये सगळा धुमाकूळ चालला होता. आदल्या दिवशी कापलेलं डुक्कर तीन मोठ्या पातेल्यांत मोहरीच्या पाल्याबरोबर शिजत होतं, चिकट भाताच्या टोपल्यांमधून वाफ निघत होती, आणि सून पाकू मिरच्या कुटता कुटता कुणाला तरी ओरडत होती. बाहेर सेंट पॉलची ऑक्टोबरची थंडी होती, पण आत सगळ्यांनी बाह्या वर सारल्या होत्या.

"काय झालं व्याही? कूळ थाओ. लग्नात तुम्ही थाओंच्या हातूनच पेले रिचवलेत की. चढली होती तेवढी, विसरलात?"

"पेले आठवतात. निमंत्रणाच्या मेसेजचं विचारतोय. मेंगच्या नावापुढे कुळचिन्ह नाही, रिकामी चौकट आहे! मी चष्मा पुसून पाहिला. हिच्या चष्म्यातून पाहिला. मुलगी थाओंना दिली म्हणून गावभर सांगत फिरलो, आणि थोरलं नाव द्यायच्या दिवशी जावयाच्या कुळाच्या जागी खिडकी?"

येरची नात मायनू तांदूळ भरलेली टोपली ठेवून धावत आली आणि तिने आजीच्या हातातून फोनच काढून घेतला.

"आजोबा, चौकट मी नाही काढली. तुमच्या फोनने काढली."

"फोनला काय पडलंय माझ्या जावयाचं?"

मायनू हसली. दोन वर्षं ती कॉलेज सांभाळून त्यांच्या भाषेच्या फाहाउ लिपीचा नवा फॉन्ट करत होती, त्यामुळे म्हाताऱ्यांना समजावायची तिला सवय झाली होती. "आपल्या प्रत्येक कुळचिन्हाला कॉम्प्युटरमध्ये एक नंबर मिळालाय. थाओंचा वेगळा, मुआंचा वेगळा. मी थाओंचा नंबर पाठवला आणि तो तुमच्याकडे पोचलाही. पण तुमच्या फोनमधला फॉन्ट जुना आहे. त्यात अक्षरं आहेत, कुळचिन्हं नाहीत. मग फोन म्हणतो, नंबर आलाय, चेहरा काही माझ्याकडे नाही, आणि रिकामी चौकट काढतो."

"म्हणजे नंबर पोचला, चेहरा नाही पोचला."

"अगदी बरोबर."

"मग आधी सांगायचं. मी रागाने न्याहारी सोडली ना." आणि फोन बंद झाला.

पाकू हसून हसून खाली बसली. येरही हसली, पण अर्ध्यावर थांबली. तिच्या डोक्यात दुसरंच आलं होतं.

"मायनू, असा जुना फॉन्ट आणखी कुणाकडे असेल गं?"

मायनूने ओठ चावला. "ही लिपी वाचणारे म्हातारे आहेत ना, त्यांच्याकडेच. म्हणजे वॉसॉच्या आजोबांकडे पण असेल."

वॉसॉचे आजोबा म्हणजे काही तासांवरच्या वॉसॉ गावचे तोंगयी खांग. येरने झारा उचलला आणि उगाचच पातेलं ढवळायला लागली.

दोन उन्हाळ्यांमागे जुलैच्या फुटबॉल जत्रेत हा माणूस पपईच्या कोशिंबिरीच्या गाड्यापाशी मेंगसमोर येऊन उभा राहिला होता आणि त्याच्याकडे बघत राहिला होता. विचारपूस झाली आणि मेंग त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा निघाला. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मेंग पोटचा नाही, लढाईतून पळताना नदीच्या काठावर पदरात पडलेला आहे, हे येरने आणि तिच्या नवऱ्याने, चोंगनेंगने, कधीच झाकलं नव्हतं. पलीकडे थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीत पोचल्यावर चोंगनेंगने दारात कोंबडा कापून पूर्वजांना सांगितलं होतं की हा आता थाओ, याचं खाणंपिणं आपल्याबरोबर. पण सांगितलेली गोष्ट वेगळी आणि समोर येऊन उभा राहिलेला चुलता वेगळा.

तोंगयीने कधी काही मागितलं नव्हतं, हेच येरला जास्त सलत होतं. मागितलं असतं तर भांडता आलं असतं. तो फक्त दर नव्या वर्षाच्या आधी फोन करायचा आणि मेंगला विचारायचा, येतोस का रे इकडे, आपल्या वडिलांना एकदा हाक मारायला? आणि दर वेळी मेंगच्या आधी येरच उत्तर द्यायची. बर्फ फार आहे. गुडघे फार दुखतात. गाडीचे टायर बदलायचेत. मेंग स्वतः गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक, तरी टायरचं कारण त्याने ऐकून घेतलं होतं आणि आईकडे न बघता मान हलवली होती.

येरला भीती होती, आणि ती सांगायची तिला लाजही वाटत नव्हती. तिला चार मुली. चारही सासरी गेल्या, सासरच्या पूर्वजांच्या झाल्या. चोंगनेंगला जाऊन सहा हिवाळे झाले होते, आणि दर नव्या वर्षाला मेंग दार उघडून भात आणि कोंबडी ठेवून त्याला हाक मारत होता. उद्या येर गेली की तिलाही तोच हाक मारणार. तो खांगांचा झाला तर मेल्यावर तिला जेवायला कोण बोलावणार? एका घरात दोन कुळांचे पूर्वज जेवत नाहीत, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

म्हणून दिवाणखान्यातल्या भिंतीवर लावायचं कापड तिने स्वतः भरलं होतं. मायनूने कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी करून छापून दिली आणि येरने ती निळ्या कापडावर एकेक टाका मोजत उतरवली. आधी थाओंचं कुळचिन्ह, लाल दोऱ्याचं, जाडजूड. मग थोरलं नाव, वामेंग. नाव व्याही आज देणार होते आणि आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक नसल्यासारखं करायचं असतं, म्हणून कापडावर एक चादर टाकून ठेवली होती. चिन्हाला तिने दोनदा टाके मारले होते. एकदा पुरले असते.

मेंग शिडीवर चढून ते कापड ठोकत होता. त्याच्या कानापाशी पांढरे केस आले होते. थोरलं नाव लग्नानंतर चार-पाच वर्षांत मिळायला हवं, पण आधी चोंगनेंगचं आजारपण, मग व्याह्यांचा रुसवा, मग आणखी काही, असं करता करता इतका उशीर झाला होता. मुआंकडचे चेष्टा करत होते की नाव घ्यायला नवरदेव काठी टेकत येणार.

"आई," तो शिडीवरूनच म्हणाला, "वॉसॉचे काका निघालेत. रस्त्यातून फोन केला होता. खूप खुशीत होते. का कुणास ठाऊक."

येरला कारण कळलं. त्यांच्या फोनवरही ती चौकटच आली असणार.

"येऊ देत. जेवायला सगळेच येतायत."

मेंगने खिळा तोंडातून काढला. "आई, ते दिसायला कसे होते गं? माझे वडील?"

हा प्रश्न त्याने लहानपणी विचारला होता आणि मग विचारणं सोडून दिलं होतं. येरचं उत्तर ठरलेलं होतं.

"अंधार होता रे. दिसलं नाही." आणि ती गॅरेजकडे वळली.

तोंगयी खांग आला तो नव्या काळ्या कोटात, चांदीच्या नाण्यांचा जुना पट्टा कमरेला बांधून. एका हातात दोन कोंबड्यांची टोपली, दुसऱ्या हातात फोन. घर माणसांनी भरलं होतं. लांब टेबलाच्या एका बाजूला मुआंकडचे, दुसऱ्या बाजूला थाओंकडचे पुरुष बसले होते, मधोमध उकडलेल्या कोंबड्या, अंडी आणि पेले. चुपाओ यजमानासारखा सगळ्यांना बसवत होता, घर जावयाचं असलं तरी.

तोंगयी टेबलाकडे गेलाच नाही. तो थेट स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या येरपाशी आला.

"वहिनी, हे मी पाहिलं."

त्याने फोन पुढे केला. येरला वाचता येत नव्हतं, पण चौकट काय असते ते आता तिला कळत होतं. नावाच्या पुढे, पातळ रेघेची, आतून रिकामी.

"तीनदा पाहिलं," तो म्हणाला. "बायकोला म्हटलं, थाओंनी आपल्यासाठी जागा सोडलीय. ही म्हणाली, तुला नीट दिसत नसेल. मी म्हटलं, फाहाउ मी छावणीत शिकलोय, मला दिसतं. कुळाच्या जागी कुणी उगाच रिकामं सोडतं का?"

त्याच्या मागे मायनू उभी होती. तिने आजीकडे बघितलं. सांगू का, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. येरने मान हलवायला हवी होती. एका वाक्यात सगळं मिटलं असतं, भिंतीवरची चादर निघाली असती आणि लाल चिन्ह सगळ्यांनी पाहिलं असतं.

पण तेवढ्यात म्हाताऱ्याने टोपली खाली ठेवली आणि गुडघे टेकले. थोरल्यांसमोर टेकतात तसे, दोन्ही हात कपाळाला लावून, वाकून. एकदा, मग परत. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्याच्या गुडघ्यांचा आवाज झाला आणि टेबलापाशी सगळे गप्प झाले.

"हे आजच्या चौकटीसाठी नाही," तो खालूनच म्हणाला. "हे भावाच्या मुलासाठी. तुम्ही आणि चोंगनेंगदादांनी त्याला खाऊ घातलं, शाळेत घातलं, लग्न करून दिलं. हे मला जत्रेतच करायला हवं होतं. तेव्हा मेंगला पाहून रडू आलं आणि राहून गेलं. मग फोनवर करता येत नाही."

येरने दोन वर्षं या माणसाला भांडखोर, लबाड, हळूहळू घर पोखरणारा, काय काय ठरवून टाकलं होतं. तो तिच्या पायापाशी वाकलेला होता आणि आभार मानत होता. तिला त्याचा राग यायला हवा होता तो कुठे सापडेना.

"उठा, उठा भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या गुडघ्यांना माझ्यासारखंच झालंय."

आणि सगळं तिथेच निभावलं असतं. पण चुपाओला शांतता सहन होत नसे.

"चौकटीचं मलाही असंच वाटलं होतं हो!" तो टेबलावरून खुशीत ओरडला. "भडकलो होतो मी! पण ती फोनची चूक आहे. तुमचा फॉन्ट जुना, माझाही जुना. नंबर पोचला, चेहरा नाही पोचला! नातीने समजावलं. चिन्ह थाओंचंच आहे, कापडावर भरूनसुद्धा झालंय."

पाकूने डोक्याला हात लावला. "बाबा!"

"काय बाबा? खरं तेच सांगितलं."

तोंगयी उठता उठता मधेच थांबला. मग पूर्ण उभा राहिला. त्याने फोनकडे बघितलं, आणि मग तो हसला, मोठ्याने, स्वतःवरच.

"फोनची चूक! बायकोचं खरं निघालं म्हणायचं. आता वर्षभर ऐकवेल." त्याने फोन कोटाच्या खिशात टाकला. "मग वहिनी, थाओ तर थाओ. मेंग चांगल्या घरी आहे, मला आणखी काय हवं? कोंबड्या तेवढ्या ठेवून घ्या. अंधार पडायच्या आत निघतो, रस्त्याला हरणं फार असतात."

"जेवल्याशिवाय?" चुपाओ म्हणाला.

"भूक नाही तशी."

मेंग शिडीपाशी उभा होता.  तो आईकडे बघत नव्हता, टायरच्या वेळी बघत नव्हता तसाच. आणि येरला कळलं की हा आपलाच मुलगा आहे, पक्का आपला. तो आयुष्यभर असाच दुसरीकडे बघत राहील आणि तिला कधी दुखवणार नाही. आणि म्हणूनच हे त्याने बोलायचं नाही. हे तिनेच बोलायचं आहे.

"भाऊजी, थांबा," ती म्हणाली. "फोन चुकला असेल. मी नाही चुकत. मी बोलावतेय."

दारापाशी गेलेला माणूस वळला.

"नदीच्या काठावर आमच्या तराफ्यावर एकाचीच जागा उरली होती," येर म्हणाली. तिचा आवाज स्वयंपाकघरात ओरडायचा होता, सगळ्या खोलीत पोचला. "एक मोठा माणूस बसला असता. तुमचे भाऊ बसू शकत होते. बायको मागे रानातच वारलेली, कडेवर एवढंसं पोर. त्यांनी पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि तराफा ढकलून दिला. मला वाटलं पोहत येतील. नाही आले."

मेंगने वर बघितलं.

"आणि अंधार नव्हता रे," ती त्याला म्हणाली. आता तिचे डोळे वाहायला लागले होते आणि तिने ते पुसले नाहीत. "चांदणं होतं. मी सगळं पाहिलं. डावी भुवई मधेच तुटलेली, जखमेची. अंगात सदरा नव्हता, त्यात तुला गुंडाळलं होतं. तू माझा दंड चावलास आणि ते हसले. अशा वेळी कुणी हसतं का? पण हसले. तू ट्रकखालून काळा होऊन बाहेर येतोस आणि हसतोस ना, तसंच. मी तुला सांगितलं नाही, कारण मला वाटायचं, चेहरा दिला की तू त्याच्या मागे जाशील."

 गॅरेजमध्ये पातेल्यावरचं झाकण खडखडत होतं.

"मी कुठे जाणार आई," मेंग म्हणाला.

"जाणार आहेस. वॉसॉला जाणार आहेस." येरने नाक ओढलं आणि ती पुन्हा सासूच्या आवाजात आली. "या घरात थाओ जेवतात. ते बदलायचं नाही, चोंगनेंगने दारात उभं राहून सांगितलंय आणि तो ऐकतोय. पण काकांच्या घरी खांग जेवतात. नव्या वर्षाला इथलं झालं की तू गाडी काढायची, पोरं घेऊन जायची, आणि काकांच्या दारात उभं राहून वडिलांना नाव घेऊन हाक मारायची. त्यांनी एक जागा दिली म्हणून तू आहेस. म्हणून मला मुलगा आहे. त्यांना जेवायला बोलावायला मी आडवी आले. आता मी त्यांचे आभार मानायचे की माफी मागायची, मला कळेना झालंय."

"टायर?" मेंग म्हणाला.

पाकूला आधी हसू फुटलं. मग मायनूला. मग येरने खांद्यावरचा पंचा मेंगला फेकून मारला आणि सगळं घर हसायला लागलं, मुआंकडच्यांना टायरचं काही ठाऊक नव्हतं तरी.

तोंगयी मात्र हसला नाही. तो दारातच उभा होता.

"एवढी वर्षं मी भात ठेवतो," तो म्हणाला. "भावाला हाक मारतो. पण माझ्यानंतर कोण? माझ्या मुलांना तो माहीतच नाही. वहिनी, मी न्यायला नव्हतो आलो."

"कळलं ते. मला कळायला उशीर झाला. तुमचे माझ्यावर फार उपकार आहेत, तुम्ही कधी हट्ट नाही धरला."

"उपकार तुमचे."

"ते तुम्ही दोघं रात्रभर एकमेकांना देत बसा," चुपाओने पेला टेबलावर आपटला. "पण डुक्कर गार होतंय, आणि माझ्या जिभेवर नाव केव्हापासून बसलंय! मुलगी मी थाओंना दिली होती, आता कळतंय की जावई दोन घरांचा मिळाला. जास्तीचा मिळाला, तक्रार नाही. पण बसा आता!"

तोंगयीला मेंगच्या शेजारी बसवलं. चादर ओढली गेली, लाल चिन्ह आणि त्यापुढचं नाव सगळ्यांनी पाहिलं आणि आश्चर्य वाटल्यासारखं केलं. चुपाओने उभं राहून आपलं लांबलचक बोलणं बोलून घेतलं आणि शेवटी नाव दिलं, वामेंग. मेंग गुडघ्यांवर बसला. रीतीप्रमाणे आधी सासऱ्याला, मग सासूला वाकायचं असतं. त्याने ते केलं, मग तो आईकडे वळला.

येरने मान हलवली आणि बोटाने तोंगयीकडे दाखवलं. आधी तिकडे.

तो तिकडे वाकला. मग आईकडे वाकला तेव्हा जरा जास्त वेळ वाकलेला राहिला, आणि तिने त्याच्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला. गाठ तिला नीट मारता येईना. शेवटी त्याने दुसऱ्या हाताने दोऱ्याचं टोक धरलं.

जेवणं झाल्यावर बायका भांडी आवरत होत्या. तोंगयी खिडकीपाशी चहा घेत बसला होता आणि मायनू त्याच्या फोनवर काही तरी करत होती.

"झालं आजोबा. नवा फॉन्ट टाकला. आता बघा."

त्याने फोन जवळ नेला, मग लांब नेला. चौकटीच्या जागी थाओंचं चिन्ह आलं होतं, ठसठशीत, भिंतीवरच्यासारखंच.

"सुंदर काढलंयस, पोरी. अगदी आमच्या छावणीतल्या गुरुजींच्या हातासारखं." तो त्याकडे बघत राहिला. "आणि ती चौकट?"

"गेली. आता चूक नाही येणार कधी."

"हो ना." त्याने मान हलवली. "बरोबर आहे. चूकच होती."

येर पातेलं घासत होती. तिने हात थांबवला. तिला म्हाताऱ्याची पाठ दिसत होती, नवा काळा कोट, आणि त्याचं बोट पडद्यावर जिथे ती चौकट होती तिथे टेकलेलं.

"मायनू," ती म्हणाली, "तो फॉन्ट काढ."

"आजी? किती मेहनतीने..."

"मेहनत तुझी कुठे जात नाही. सगळ्यांच्या फोनवर राहू दे. यांच्या फोनवरचा काढ." तिने पदराला हात पुसले आणि जवळ आली. "यांची जागा यांना परत दे."

मायनूने आजीकडे बघितलं, मग काही न विचारता फोन घेतला. थोड्या वेळाने तिने तो तोंगयीच्या हातात दिला. मेंगच्या नावापुढे पातळ रेघेची चौकट परत आली होती. त्याने फोन खिशात न ठेवता तसाच हातात धरला आणि येरने त्याच्या कपात आणखी चहा ओतला.